शंभरात सात

घड्याळकाकांनी उजव्या डोळ्याला भिंग लावलं, माउस उताणा केला आणि त्याच्या पोटावरचं कागदी सील नखाने चाचपून पाहिलं. सील जागच्या जागी होतं. नसायला काय झालं, काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्याच हाताने तर लावलं होतं. भानगड सीलच्या आत होती.

भिंतीपलीकडे मुख्य पंच बाई माइकवर नियम वाचत होत्या. दर सामन्याआधी त्या वाचायच्याच आणि खेळाडू जांभया देत ऐकायचे. आज अंतिम सामना म्हणून आवाज जरा चढा होता.

"तपासणीच्या टेबलावर आलेलं साहित्य सामना संपेपर्यंत कुणीही उघडायचं नाही. उघडलेलं आढळलं, तर ज्याचं साहित्य तो संघ बाद."

काकांनी माउस खाली ठेवला. हा नियम कधी झाला? मग आठवलं. मंगळवारी बाईंनी एक कागद पुढे केला होता आणि आपण 'आणा इकडे' म्हणून त्याच्यावर सही ठोकून दिली होती. वाचला कुणी होता!

कॉम्प्युटरवरच्या खेळांची ही लीग नवी कोरी, हंगाम पहिलाच. नियमांचं पुस्तक खेळता खेळताच लिहिलं जात होतं. कुणी नवा गोंधळ घातला की दुसऱ्या दिवशी त्यात नवी चिठ्ठी चिकटायची. तीन महिन्यांत पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. काकाही नवेच. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलेला माणूस. लीगच्या कार्यालयात काम करणारी पुतणी म्हणाली, "काका, इतक्या बारीक स्क्रूंना हात लावेल असं आमच्याकडे कुणी नाही," आणि ते तपासणीच्या टेबलावर येऊन बसले. आधी त्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. आता कुठल्या खेळाडूचा माउस किती वजनाचा, हे ते डोळे मिटून सांगत.

काल त्या टेबलावर आज अंतिम सामना खेळणाऱ्या थोरलीचा माउस आला होता. डावं बटण शंभर वेळा दाबायचं आणि यंत्राने किती मोजले ते बघायचं, अशी तपासणी. यंत्राने मोजले त्र्याण्णव. काकांनी पुन्हा शंभर दाबले. पुन्हा त्र्याण्णव. आता फॉर्मवर 'सदोष' लिहायचं आणि बाईंना कळवायचं, एवढंच त्यांचं काम. पण चाळीस वर्षं ज्यांच्या टेबलावर आलेली वस्तू बरी होऊनच परत गेली, त्यांचे हात परवानगी कुठली मागतात? चार स्क्रू सुटले. बटणाखालची तांब्याची इवलीशी पट्टी झिजून चेपली होती. तिच्या जागी डबीतली नवी पट्टी बसली. शंभरात शंभर. वर कळस म्हणजे, दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणाआड सुईने तारीख कोरतात तशी काकांनी माउसच्या आतही कोरली. म्हणजे कुणी उघडला, कधी उघडला, सगळा पुरावा स्वतःच्याच अक्षरात.

त्यांनी मोबाइल घेतला, बाहेरच्या जिन्यात गेले आणि बायकोला फोन लावला.

"तुम्ही ना," सगळं ऐकून ती म्हणाली, "लोकांकडे पाहुणे म्हणून गेलात तरी त्यांचा नळ दुरुस्त करून येता."

"आता काय करू ते सांग."

"काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. मी 'गप्प बसा' म्हणावं म्हणून फोन केलात. ते मी काही म्हणणार नाही."

फोन बंद झाला. काका पायरीवर बसले. नोकरी जायची तर जावो, तिचं एवढं नव्हतं. जीव अडकला होता तो थोरलीत.

थोरली सत्तावीस वर्षांची, संघाची कर्णधार. घरात सत्तावीस म्हणजे पोरगीच, पण या धंद्यात ती आजीबाई. संघातले बाकीचे चौघे एकोणीस-वीसचे. त्यांनीच तिला हे नाव दिलं होतं. त्यांना झोपेतून उठवणारी ती, जिंकल्यावर डोक्यात हवा जाऊ न देणारीही तीच. गेला महिनाभर मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. नेम बरोबर लागायचा, बटण दाबायची, आणि मधूनच पडद्यावर काहीच घडायचं नाही. बघणारे लिहू लागले, थोरलीचं बोट थकलं. एकानं लिहिलं की शंभर जण लिहितात. शेवटी तिलाही ते पटलं. या सामन्यानंतर थांबते, असं पत्र तिने काल प्रशिक्षकाच्या हातात दिलं होतं. प्रशिक्षकाच्या पोटात काही राहत नसल्याने ते आज पार्किंगवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

आता बोललं, तर ती शेवटचा सामना न खेळताच हरणार. नाही बोललं आणि उद्या कुणी तो माउस उघडला, तर ती लबाड ठरणार.

काका ट्रे घेऊन सभागृहात गेले आणि ज्याचं साहित्य त्याच्यापुढे ठेवत शेवटच्या खुर्चीपाशी आले. थोरलीने माउस दोन्ही हातांत घेतला.

"काका, आजचा शेवटचा."

काकांनी तोंड उघडलं. पण नुसतीच मान हलवून ते मागे सरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आपल्यासारखा भित्रा माणूस आपणच, असं त्यांना मनापासून वाटलं.

सराव सुरू झाला. थोरलीने बटण दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं. मग भराभर दहा-पंधरा वेळा. तिने बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं, चोळलं, पुन्हा दाबलं. आणि एकदम हेडफोन काढले, माउसची वायर ओढली आणि तो घेऊन ती सरळ पंचांच्या खोलीकडे निघाली.

काका मागोमाग धावले. म्हणजे धावल्यासारखे चालले.

"बाई, माझा माउस कालचा नाही," आत थोरली सांगत होती. "गेला महिनाभर माझे क्लिक वाया जात होते, आज एकही जात नाहीये. कुणीतरी काहीतरी केलंय. असा मी नाही खेळणार."

"चांगला चालतोय म्हणून तक्रार?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो."

"मी केलंय," काका दारातूनच म्हणाले. "तिला काही ठाऊक नाही. बिघडलेला दिसला, मी उघडला. पट्टी बदलली. आत तारीख आहे, बघा हवं तर."

बाईंनी कपाळावर हात मारला नाही, एवढंच. त्यांनी सील फाडलं, काकांकडूनच स्क्रू काढून घेतले, काकांचंच भिंग मागून घेतलं आणि तारीख वाचली. मग त्या त्यांचं ते फुगलेलं पुस्तक उलटू लागल्या. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"पाचव्या आठवड्यातली चिठ्ठी," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन्ही कर्णधारांनी सामन्याआधी लिहून दिलं तर दुरुस्ती चालते. सामन्याआधी. ही पोरगी आत्ता आली म्हणून निभावलं. तासाभराने आली असती तर माझ्याही हातात काही नव्हतं. बोलवा त्याला."

समोरच्या संघाचा कर्णधार आला. जाड काचांचा, सडपातळ; सगळे त्याला चष्मिस म्हणत. त्याने ऐकून घेतलं, माउसमध्ये डोकावून पाहिलं.

"मोडकं होतं ते नीट केलं, एवढंच ना?"

"एवढंच. पण तुम्ही नाही म्हणू शकता," बाई म्हणाल्या. "मग सामना न खेळता करंडक तुमचा."

"छे! ताईला मोडक्या माउसवर हरवलं असं आयुष्यभर ऐकून घेऊ?" त्याने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि मग हळूच म्हणाला, "काका, माझ्या हेडफोनचा डावा कान पण जरा..."

"बाहेर व्हा," बाई म्हणाल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते न विचारताच खुर्चीवर बसले. थोरलीने सही केली खरी, पण तिचं लक्ष त्या कागदावर नव्हतंच.

"काका, किती चुकत होते?"

"शंभरात सात."

"कशामुळे?"

"पट्टी झिजली होती." काकांनी खिशातली डबी उघडली आणि तिच्या तळहातावर ती जुनी पट्टी ठेवली. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. "ही बघ."

तिने भिंग लावून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"म्हणजे ही?" तिने विचारलं. "बोट नाही?"

"बोटाचा काय संबंध? बोट दाबत होतं. हिला पोचत नव्हतं."

"नक्की?"

"अगं पोरी," काका म्हणाले, आणि मग जे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. "चिमट्याने धरलेला स्क्रू निसटायला लागला, म्हणून मी दुकान बंद केलं. हात गेले म्हणालो. कुणाला विचारलं नाही. दोन महिन्यांनी डोळे तपासले, तर चष्म्याचा नंबर वाढला होता. हातांना काही झालं नव्हतं. पण तोवर दुकानाची किल्ली देऊन बसलो होतो."

थोरली आधी हसली, मग डोळे पुसायला तिने जर्सीची बाही वर ओढली. बाई पाठ फिरवून पुस्तकात नवी चिठ्ठी चिकटवण्यात फारच गुंग झाल्या होत्या.

सामना दुपारभर चालला. थोरलीचा संघ हरला. अगदी थोडक्यात, पण हरलाच; चष्मिसची पोरं त्या दिवशी सरस होती. थोरलीचा मात्र एकही क्लिक वाया गेला नाही. काकांनी भिंतीशी उभं राहून एक-एक मोजला होता, आणि मोजता मोजता आपण कधी ओरडायला लागलो ते त्यांना कळलंही नाही. व्यासपीठावरून उतरताना ती हसत होती. संघातली पोरं मुसमुसत होती आणि ही एकेकाच्या डोक्यात टपली मारत होती. हरलेली बाई हसते कशाला, ते समोरच्या रांगांतल्या लोकांना काही समजेना.

खाली प्रशिक्षक उभा होता. तिने त्याच्यापुढे हात पसरला. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

काका टेबल आवरत होते. समोर पंचबाई हात पुढे करून उभ्या.

"नवा नियम. तपासणीच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर असणार नाही."

काकांनी तो मुकाट्याने दिला.

"दुसरा?"

दुसराही दिला.

"पुढच्या हंगामात वेळेवर या," असं म्हणून बाई गेल्या.

मागोमाग थोरली आली. माउस तिने टेबलावर ठेवला. तांब्याची पट्टी परत करायचं नाव तिने काढलं नाही, आणि काकांनीही मागितली नाही. हातातला कागद तिने उलटसुलट केला.

"काका, हे कुठे टाकू?"

काकांनी टेबलाखालची कचऱ्याची टोपली पायाने पुढे सरकवली.