शरदचंद्र सरांचे चारशे बारा फोटो

शरदचंद्र सरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण त्यांच्यातला हेडमास्तर काही निवृत्त झाला नाही. फेसबुकवर नातीचा फोटो टाकायचा, तर खाली नुसतं 'आमची राधिका' लिहून त्यांचं भागत नसे. शाळेच्या दाखल्यावर असते तशी सगळी माहिती हवी. 'कु. राधिका, जन्म ३ ऑगस्ट, इयत्ता पहिली, तुकडी ब. स्थळ: भुईगाव, आमच्या बागेतले बावखल.' वर फोटोत त्या तळ्याच्या पाण्यात, समोरचे दोन दात पडलेली राधिका पाठीला रिकामा डबा बांधून तरंगते आहे. आणि हे सारं आल्यागेल्या कोणालाही बघायला मोकळं. घराला दोन कड्या लावणाऱ्या माणसाला फोटोलाही कडी असते हे ठाऊकच नव्हतं.

राधिका कॉलेजात गेल्यापासून दोनदा म्हणाली होती, "आजोबा, ते जुने फोटो काढा ना." दोन्ही वेळा सर फणकारले होते. "माझ्या नातीचे फोटो मी नाही टाकायचे तर कोणी टाकायचे?"

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. कोणा अनोळखी माणसाचा मेसेज होता. 'हॅपी बर्थडे राधिका. बावखलात अजून पोहतेस का?'

"कोण हा?" सरांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी ब्लॉक केलाय त्याला. पण त्याला सगळं तुम्हीच सांगितलंय."

"मी? अगं, मी ह्याला ओळखतही नाही!"

"तेच तर ना, आजोबा. अजून किती जणांना माहितीये? काल बसस्टॉपवरून घरी येताना मी तीनदा मागे वळून बघितलं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या पोरीच्या पायात काटा मोडला तरी आपल्याला जेवण जात नाही, तिचा पत्ता आपणच गावभर वाटला. "आज संध्याकाळपर्यंत एकही फोटो राहणार नाही," ते म्हणाले. राधिकाने मान हलवली आणि ती कॉलेजला गेली.

सरांनी फोटो मोजले. चारशे बारा. ओटीवर बसून त्यांनी सर्वांत जुन्यापासून सुरुवात केली. वीस फोटो त्यांनी तडातडा उडवले, खाली काय आहे ते न बघता. एकविसावा बावखलाचा. तो उडवायच्या आधी त्यांना त्याखालची ओळ दिसली.

'माझी बेडकी. आत्ताच मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. सुमन.'

पत्नी सुमनताईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. सरांना आठवलं, नातीचा फोटो टाकला रे टाकला की ती स्वयंपाकघरातून मूठ वळून यायची, पोरीवरून मीठमोहऱ्या ओवाळायची, आणि मग चष्मा लावून फोटोखाली तसं लिहायची. एवढ्या लोकांनी पोरगी बघितली, दृष्ट नको का काढायला? नाव वर दिसत असलं तरी शेवटी सही ठोकायचीच. सर तिच्या ओळीखाली अंगठा दाबायचे आणि पुढच्या फोटोची माहिती लिहायला घ्यायचे. बायकोने लिहिलेलं वाचायचं असतं, हे शहाण्या नवऱ्यांना फार उशिरा कळतं.

सुमनताईंच्या हातची पत्रं नव्हती. वाणसामानाच्या याद्या तेव्हाच्या तेव्हा फाडलेल्या. तिचं लिहिलेलं जे काय होतं ते ह्या फोटोंखाली होतं, आणि त्यातलं वीस फोटोंखालचं सरांनी आत्ताच, स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

पण पोरीला शब्द दिला होता. गेलेल्या माणसाच्या ओळींसाठी जित्या पोरीला भीतीत ठेवायचं, हे सुमनलाही चाललं नसतं. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली. एकेक ओळ सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि मग फोटो पुसायचा.

दुपारी राधिका परतली तेव्हा सर फक्त तिसाव्या फोटोवर होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"हे काय लिहिताय?" तिने वही ओढून घेतली. दोन ओळी वाचून ती त्यांच्याशेजारी बसली. "आजीचं आहे हे? आजोबा, मी काढा म्हटलं म्हणजे पुसा नाही हो म्हटलं! सकाळी मलाही नीट सांगता आलं नाही. हे कोणाला दिसावं ते आपण ठरवू शकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा." तिने फोन घेतला. "हा फोटो आता फक्त तुम्हाला आणि मला दिसेल. आजीची ओळ जागच्या जागी."

सर हळूच म्हणाले, "सकाळचे एकोणतीस मात्र गेले गं."

"नाही गेले. पुसलेलं महिनाभर कचऱ्याच्या पेटीत असतं." तिने दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि फोटो एकामागून एक परत येऊ लागले. चौतीस वर्षं पोरांना आभारप्रदर्शन शिकवलेल्या सरांनी नातीचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुझे उपकार झाले, बाळा," ते म्हणाले. "मी तुझं ऐकलं नाही, तरी तू माझं सगळं परत दिलंस."

राधिका मात्र परत आलेल्या पहिल्याच फोटोवर थांबली होती. सरांनी सर्वांत आधी पुसलेला. तिच्या बारशाचा, त्यांनीच काढलेला. "आजोबा, तुम्ही हे कधी वाचलंत?"

"नाही गं. काय आहे?"

तिने मोठ्याने वाचलं. "'बाळाची दृष्ट काढली. फोटो काढणाऱ्याचीही काढली, त्याला सांगितलं नाही. सुमन.'"

सरांनी चष्मा काढला, आणि नातीसमोर मनसोक्त रडून घेतलं.