पंक्चर नसलेलं चाक

"ताई, वणी रोडनं हवा गेली तं थांबू नका. टायर फाटला तं फाटू द्या," असं मारेगावातल्या पंक्चरवाल्या प्रफुल्लभाऊंनी बजावलं होतं. मी हसले. "नवा टायर खपवायचा दिसतोय!"

माझ्या तान्ह्या चिऊला वणीला लस देऊन परतताना स्कूटरचं मागचं चाक बसलं. भर दुपार. ट्रकांमागून ट्रक, थांबेना कुणी. एका हातानं स्कूटर, दुसऱ्या हातात चिऊ. तेवढ्यात शेजारी एक बाई आली. पदर कोळशाच्या धुळीनं काळा.

"लेकरू दे मह्यापाशी. तू ढकल."

एरवी मी चिऊला सासूबाईंकडे देतानाही दहा सूचना करते. त्या दिवशी दिली.

चालता चालता बाईनं विचारलं, "माही पोरगी, मैत्री, जेवते काय?"

"मी कुठं ओळखते तिला?"

"मारेगावचीच ना तू? मंग पाहून सांग."

प्रफुल्लभाऊंच्या दुकानाशी स्कूटर स्टँडवर लावली. वळून बघते तर चिऊ बाकावर एकटीच, रस्त्याकडे हात पसरून. बाई नव्हती. चिऊच्या फ्रॉकवर काळी पाच बोटं.

प्रफुल्लभाऊंनी ट्यूब टबात बुडवून सगळी फिरवली. एकही बुडबुडा नाही. "छेद नाही, ताई. हवा सोडली कोणंतरी." मग चिऊचा फ्रॉक पाहिला आणि खाली बसले. "सत्यशीला हाय ते. असंच पंक्चर झालतं तिचं. पोरीले घेऊन गाडी ढकलत येऊन राह्यलती. कोळशाच्या ट्रकनं उडवलं. पोरगी कपाशीत पडली, वाचली. तिले मात्र कोणी उचललं नाही, तिथंच गेली."

"आणि मैत्री?"

"आजीनं नेली. हंसाबाईनं."

हंसाबाईंचं घर शोधलं. कुलूप. शेजारीण म्हणाली, म्हातारी नातीला घेऊन महागावला गेली, पत्ता कुणाकडे नाही.

आता अंगणातल्या स्कूटरचं चाक रोज सकाळी बसलेलं असतं. नवरा म्हणतो, "हवेचा वॉल खराब असेल." वॉल दोनदा बदलला. चिऊ पाळण्यातून फाटकाकडे हात पसरते, कुणी कडेवर घ्यावं तशी. काल तर ती खरंच फाटकापाशी सापडली. तिला अजून रांगता येत नाही.

चिऊला घेऊन बाहेर पडायची माझी हिंमत नाही, आणि सोडून जायची त्याहून नाही. तुम्ही महागावचे असाल, तर हंसाबाईंकडची मैत्री शोधा. ती जेवते का, एवढंच बघा आणि मला कळवा. मला तिच्या आईला सांगायचंय.