ब्याण्णवचा कोपरा

सयाजी सुताराचा एक हट्ट होता, सांध्यात पुट्टी भरायची नाही. पुट्टी म्हणजे सुतारानं हात वर केले, असं तो म्हणायचा. उंब्रजपासून पलूसपर्यंतची गिऱ्हाइकं त्याचा हा ताठा मुकाट सोसायची, कारण काम तसं असायचं.

पलूसला निवृत्त सुभेदार मानसिंगांच्या घरी रविवारी साखरपुडा होता, मुलीचा, दीपमालाचा. त्याआधी दिवाणखान्याच्या छताला चारी बाजूंनी सहा इंच रुंद सागवानी पट्टी फिरवायची होती. सयाजीनं अंगणात सरकती कटिंग मशीन मांडली. साध्या मशीनचं पातं एवढ्या रुंद फळीला तिरकं पुरत नाही. हिची मुंडी दांड्यांवरून आपल्याकडं ओढायची, खाली दाबायची आणि कापत मागं ढकलायची. प्लग लावण्याआधी त्यानं पात्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. मग रद्दी लाकडाचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांवर कापून जोडले. काटकोन चोख निघाला.

चहा घेऊन आलेल्या राजेश्वरीवहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, पोरीच्या साखरपुड्याला सख्खा चुलता नको? थोरल्या भावजीस्नी एकदा बोलवा की."

"माझी जागा खाणाऱ्याला? न्हाई म्हंजे न्हाई."

थोरले भाऊ नानासो भिंतीपलीकडंच राहायचे. वडिलांचं घर, वाटणीत दोघांना बारा-बारा फूट. मधली भिंत नानासोंनी घातली तेव्हा मानसिंग लेहला होते. रजेवर आले, भिंत तिरकी दिसली, आणि भावानं जागा खाल्ली हे डोक्यात बसलं ते बसलंच. पलटणीत नकाशे वाचलेला माणूस, पण घरात टेप लावायचं काही सुचलं नाही. भिंतीला कपाटं लावली आणि भावाला गावभर चोर केलं. याला अकरा वर्षं झाली.

पहिले दोन कोपरे झकास बसले. तिसरा मधल्या भिंतीचा, पुढचा. तिथं दोन पट्ट्यांमध्ये पेन्सिल उभी जाईल एवढी फट पडली. सयाजी स्टुलावरून उतरला, मशीन पुन्हा तपासली. मशीन बरोबर होती.

"भिंतच काटकोनात न्हाई, सुभेदार."

मानसिंगांना आनंदाचं भरतं आलं. "ऐक गं, ऐक! मी म्हणत हुतो का न्हाई? सयाजी, हे कागदावर लिहून दे. सुताराच्या सहीनं!"

सयाजीनं कोपऱ्यात कोनमापक धरला. ब्याण्णव अंश. मग टेप घेऊन वर छतालगत खोलीची रुंदी मोजली. पुढं बारा फूट. मागं बारा फूट सहा इंच. पुन्हा मोजली. तीच.

"भिंत वाकडी हाय," तो म्हणाला, "पण पलीकडं गेलीया. मागं सहा इंच जागा तुमच्याकडंच जास्त आलीया."

टेपचं दुसरं टोक वहिनींनी धरलं होतं. त्यांनी ते सोडलं नाही. मानसिंगांनी वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला. त्यांचा चेहरा उतरला, कान लाल झाले. सयाजीला वाटलं, आता हा माणूस चपला घालून शेजारी जाणार.

"फटीत पुट्टी भर," मानसिंग म्हणाले. "आन् ह्यातलं भाईर कुठं बोलू नगंस."

"पुट्टी मी भरत न्हाई."

"मग काय ते कर. फट दिसाया नगं."

वहिनी टेप खाली ठेवून आत गेल्या.

सयाजी अंगणात आला. ब्याण्णवचे निम्मे शेहेचाळीस, पण मशीनचा काटा नव्वदातून उरलेला कोन दाखवतो, म्हणजे चव्वेचाळीस. मशीनला पंचेचाळिसाची खाच असते, आणि एका अंशावरून मुंडी घसरून त्या खाचेतच बसायला बघते. त्यानं मूठ घट्ट धरून कळ आवळली. नवी फळी आधी थोडी लांब कापली, मग कागदाएवढा कीस काढत मापावर आणली. मागचा कोपरा अठ्ठ्याऐंशीचा, तिथं काटा शेहेचाळिसावर लावला. दोन्ही सांधे असे बसले की नखसुद्धा अडकेना. आयुष्यात त्यानं याहून चांगला सांधा केला नव्हता. त्याकडं बघून आज त्याला लाज वाटली.

मशीन गाडीत चढवताना शेजारच्या फाटकातून नानासो आले. सत्तरीचे, धोतर आवरत.

"गड्या, पुढचा कोपरा कितीचा निघाला?"

सयाजी चपापला. "ब्याण्णव."

"व्हय. मी दोरी धरली तवा तेवढाच निघला हुता." नानासो हसले. "धाकट्याला माडी काढायची हुती. जिन्याला मागं जागा पुरंना, म्हनून भिंत माझ्याकडं सरकवली. आल्यावर सांगणार हुतो. त्यो आला त्योच शिव्या देत आला. म्हणलं, कवा तरी कोण तरी मोजंल, तवा कळंल त्याला." त्यांनी गाडीच्या कडेला हात टेकला. "कळलं का?"

"कळलं, नाना."

नानासोंनी भावाच्या दाराकडं पाहिलं. दार उघडंच होतं. आत मानसिंग मान वर करून छताकडं बघत उभे होते.

"मग? काय म्हणाला?"

खोटं बोलावं असं सयाजीला फार वाटलं. "फट दिसाया नगं म्हणाले."

नानासोंनी धोतराचा सोगा सावरला आणि ते आपल्या फाटकाकडं वळले.

"आन् दिसती का?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"न्हाई," सयाजी म्हणाला.