कॉफीच्या आधीचा बाण

सासऱ्यांचे गुडघे गेले आणि ओढ्याकाठच्या ओकच्या झाडावरचं मचाण रिकामं झालं. हरणं तिथूनच पाण्यावर उतरतात. धनुष्य घेऊन त्या मचाणावर जन्मभर एकटे सासरेच बसले. यंदा कोण बसणार, मुलगा की सून, यावर आमच्या घरात उन्हाळाभर अबोल भांडण चाललं होतं.

रसेल, माझा नवरा, रोज संध्याकाळी परसात बनियनवर उभा राहून फोमच्या हरणावर बाण सोडायचा. दमेपर्यंत. शेवटचे बाण असे एकमेकांना चिकटून बसायचे की बघत राहावं. मी मात्र सकाळी उठल्याउठल्या एकच मारायची. गाऊनवर त्याचा जुना जाड कोट चढवायचा, ढगळ बाही धनुष्याच्या दोरीत अडकू नये म्हणून तिला केसांचं रबर लावायचं, बाण सोडायचा आणि आत जाऊन कॉफी ठेवायची. यात साधना वगैरे काही नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात वेळेवर पोचायचं असतं, आणि मारलेले बाण उपटून आणायचा मला कंटाळा.

"हरणाला गुड मॉर्निंग म्हणतेस का?" रसेल विचारायचा.

सप्टेंबर लागला तसं सासऱ्यांनी फर्मान काढलं. "नोव्हेंबरच्या थंडीत शिकारीला घालता ते जाड कपडे घाला आणि गॅरेजच्या छपरावर बसा. हलायचं नाही. मी काठी आपटली की ज्याचं नाव घेईन त्यानं एक बाण मारायचा. हरणाच्या छातीवर कागदी ताटली लावलीय."

"बाबा, आधी दोन-चार मारून हात मोकळा करू द्या की," रसेल म्हणाला.

"हरणाला सांग तसं. थांबेल बिचारं."

ऊन चढलं. आम्ही छपरावर भट्टीतल्या पावासारखे फुगलो. तासाभरानं काठी वाजली. "रसेल." त्यानं ताणलं, सोडलं. दोरी जाड बाहीला घासली आणि बाण हरीण सोडून सरपणाच्या ढिगात शिरला. तो जे पुटपुटला ते बापानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मग माझं नाव आलं. बाहीला नेहमीचं रबर होतं, पण उंचावरून मी कधी मारलं नव्हतं. बाण नेमापेक्षा वर गेला आणि ताटलीच्या कडेला लागला.

"कडेला लागलाय," रसेल म्हणाला.

"ताटाच्या कडेला वाढलेलं तू टाकून देतोस का?" सासरे म्हणाले. "मचाण तिचं. पण गं, आता रोज छपरावरून मारायचं. एकच मार, पण छपरावरून."

संध्याकाळी ते काठी टेकत ओकपर्यंत आले. मी शिडीला हात लावला, तसे हळूच म्हणाले, "तिसरी पायरी हलते. तिच्यावर भार टाकू नकोस."

"मग इतकी वर्षं बदलली का नाही?" मागून रसेलनं विचारलं.

"आजवर मीच चढत होतो ना."

मी तिसरी पायरी ओलांडून वर गेले. खालून ते काठीनं एकेक फांदी दाखवत होते, हरीण कुठून येतं, कुठे थबकतं, आणि रसेल पायरी ठोकायला घरून हातोडी घेऊन येत होता.