माझ्यावर माझीच बोली

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. मंडळ म्हणजे जुनी पोस्टाची तिकिटं आणि पाकिटं जमवणाऱ्यांचं मंडळ. तीस-पस्तीस माणसं, त्यातली निम्मी माझ्यासारखी पेन्शनर, आणि बाई मी एकटीच. वर्षातून दोनदा परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा लिलाव होतो. तिथे या नलूने हात वर केला, की बाकीचे हात आपोआप खाली जातात. ते भीतीने जातात असं मी म्हणते. प्रेमाने जातात असं अवधूत म्हणतो. अवधूत आमचा सेक्रेटरी, लिलाव तोच पुकारतो.

त्यात आमचा एक जुना रिवाजही आहे. ज्याने जो देश धरला, त्या देशाच्या वस्तूवर त्याच्या आड दुसऱ्याने जायचं नाही. त्याने सोडली, तरच बोलायचं. अमेरिका दोघांनी धरली होती, मी आणि खोताच्या वाडीतल्या ॲलॉयशियसने. तीसुद्धा दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका. माझी आई कपाळावर हात मारायची. म्हणायची, "अगं, गिरगावाबाहेर कधी गेली नाहीस, आणि त्या बोस्टनच्या पोस्टमास्तरांशी तुझं काय नातं?" नातं काय असणार? आवडायचं. दिवसभर ऑफिसात फायली उपसायच्या आणि संध्याकाळी भिंग घेऊन बसायचं. लग्न केलं नाही, त्याची हळहळ इतरांनाच जास्त होती.

ॲलॉयचं आणि माझं ठरलेलं होतं. लिलावात अमेरिकेची एक वस्तू त्याची, पुढची माझी. ब्याण्णव साली ते पाकीट आलं तेव्हा पाळी माझी होती.

पाकीट असं होतं. १८६३ साली बोस्टनहून निघालेलं, साउदॅम्प्टनच्या वाटेने मुंबईला आलेलं. वर दोन तिकिटं, तीस सेंटचा नारिंगी फ्रँकलिन आणि तीन सेंटचा गुलाबी वॉशिंग्टन. तेहतीस सेंट, म्हणजे त्या काळचा इकडचा पुरता दर. तिकडे त्यांची आपापसात लढाई पेटलेली, आणि हे पत्र आपलं समुद्र ओलांडून मुंबईच्या बर्फाच्या कोठीतल्या एका कारकुनाकडे आलं. तेव्हा अमेरिकेहून जहाजाने बर्फ यायचा इथे. म्हणजे माझ्यासारख्याच एका मुंबईच्या कारकुनाच्या टेबलावर हे पाकीट पडलं असणार. मला ते बघताक्षणी हवं झालं. दागिन्यासाठी बाया कशा तळमळतात ते मला त्या दिवशी कळलं.

आणि नेमकी त्या आठवड्यात आई परळच्या हॉस्पिटलात. मी ॲलॉयला निरोप दिला, माझ्यासाठी तीन हजारांपर्यंत बोल. रिवाज न मानणाऱ्या एका बाहेरच्या व्यापाऱ्याने भाव चढवला, तरी तो गेला चार हजार दोनशेपर्यंत आणि घेऊन आला. माझ्याकडे तोवर औषधांपुरतेसुद्धा उरले नव्हते. म्हटलं, "तूच ठेव, तुझं झालं." तो म्हणाला, "तुझंच आहे गो, माझ्याकडे नुसतं राहायला आलंय." मग दर नाताळात मी त्यांच्याकडे जायचे. बेट्टी, त्याची बायको, मैद्याचे गरम फुगे तळायची आणि ॲलॉय हात पुसून ते पाकीट माझ्यापुढे ठेवायचा. मी रिटायर झाले तेव्हा त्याने ते कागदात गुंडाळून भेट म्हणून दिलं. मी तिथल्या तिथे परत केलं. फुकटचं मला पचत नाही. तो दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही.

गेल्या वर्षी तो गेला. मी स्मशानात, म्हणजे त्यांच्या सिमेटरीत, उभी होते, पण डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले असतील, काय बाई आहे.

घर वरच्या मजल्यावर आणि त्यांचा लाकडी जिना पार कुजला होता. बेट्टी रविवारी चर्चला जायचीसुद्धा बंद झाली. मुलगा लॅन्स मीरा रोडला. तो म्हणे, "मम्मी, घर बंद कर आणि इकडे ये." बेट्टीला वाडी सोडायची नव्हती. सुताराने सांगितलेला आकडा ऐकून तिने ॲलॉयचे सगळे आल्बम मंडळाच्या लिलावात द्यायचं ठरवलं. बरोबरच केलं. आल्बमवर चढून काही घरात जाता येत नाही.

लिलावाची यादी घरी आली. बाराव्या नंबरवर ते पाकीट. खोटं कशाला बोलू, मला लागलं. बेट्टीने एका शब्दाने मला सांगितलं नव्हतं. पण पुढचा आकडा वाचला आणि लागलेलं विसरून माझं डोकंच फिरलं. सुरुवातीची किंमत चाळीस हजार! दीड लाखाची वस्तू! मी अवधूतला फोन लावला.

"अरे, चाळीस कुणी लिहिले? झोपेत होतास का?"

"बेट्टीआंटींनीच सांगितले, ताई."

"तिला काय कळतंय त्यातलं? तुला कळतं ना? वाढव."

"छापून गेलं हो आता," असं काहीतरी पुटपुटत त्याने फोन ठेवला.

तासाभराने सौमित्रचा फोन. सौमित्र म्हणजे परळला डॉक्टर आहे, चाळिशीचा, पैसेवाला आणि या वस्तूंचा खरा वेडा. त्याने विचारलं, "नलूताई, बारा नंबर तुम्ही घेणार ना? मग मी हात वर करत नाही."

"कर की! तुला हवंय ना ते?"

"हवंय हो. पण तुमच्या आड कसा जाऊ? तीस वर्षं थांबलाय तुम्ही. मंडळात कुणीच जाणार नाही."

"मला नकोय ते."

तो हसला. "ताई, काहीही काय!"

आता आली का पंचाईत? मी हात वर केला, तर चाळीस हजारांत पाकीट माझं आणि बेट्टीच्या लाखभर रुपयांवर पाणी. नाही केला, तरी कुणी विश्वास ठेवेना. आजारी म्हणून घरी बसावं, तर हे शहाणे वर्गणी काढून चाळीस हजारांत माझ्यासाठीच उचलतील आणि वर हार घालतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? बेट्टीला जाऊन सांगावं, तर ती पाकीटच माझ्या हातात कोंबेल. रात्रभर मी कूस बदलत होते. माझी साठ हजारांची एक एफडी होती. साठात पाकीट घरी येत होतं, आणि मला ते हवं होतं हो! सत्तरी उलटली म्हणून हवंसं वाटायचं थांबतं थोडंच. पण चहा पिताना मनाशी ठरलं. त्या कुजक्या जिन्यापायी बेट्टी वर अडकून पडलेली आहे, आणि तिच्या पैशात मी हौस भागवणार नाही.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. पुण्याचा एक व्यापारीही आला होता, पण त्याला कुणीतरी दारातच रिवाज समजावून सांगितला असावा, कारण माझ्याकडे बघून तो अदबीने हसला. मागच्या बाकावर बेट्टी, निळ्या झग्यात, शेजारी तिची नात केझिया. त्या जिन्यावरून केझियाने तिला धरून धरून उतरवलं होतं म्हणे. मी हात केला. तिने नुसती मान हलवली.

अवधूतने बारा नंबर पुकारला. "सुरुवात चाळीस हजार."

मी हात वर केला. बाकी हॉल पुतळ्यासारखा बसलेला. सौमित्र तर बुटांकडे बघत होता.

"नलूताई, चाळीस. चाळीस एक वार..."

"पन्नास," मी म्हणाले.

अवधूत थांबला. "ताई, चाळीसची बोली तुमचीच आहे."

"मग? माझ्यावर माझीच बोली."

"असं चालत नाही हो."

"का? नियमात दाखव. दुसरं कुणी तोंड उघडत नाही, म्हणून मला दोघांचं बोलावं लागतंय. पन्नास. आणि आता साठ."

हॉलमध्ये हसू फुटलं. अवधूत मागच्या बाकाकडे बघत होता, मला वाटलं गोंधळून. "साठ," तो घाईने म्हणाला. "साठ एक वार, दोन वार..."

मी उभी राहिले. "थांब! हातोडी खाली ठेव." मग सगळ्यांकडे वळले. आवाज माझा नेहमीचाच लागला. "ऐका. साठच्या वर माझ्याकडे दमडी नाही. ही वस्तू दीड लाखाची आहे, इथे प्रत्येकाला माहीत आहे. साठात मी ती घरी नेली, तर ती ॲलॉयच्या घरातली चोरी होईल. मी सोडतेय. भर सभेत सोडतेय. अमेरिका सोडली मी, आता बोला. सौमित्र, तुझं तोंड शिवलंय का? बोल, नाहीतर उद्यापासून माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीच खाली बघितलं. मग हळूच त्याचा हात वर गेला. "पासष्ट."

"सत्तर," पुण्याचा माणूस म्हणाला.

एकदा बांध फुटला की फुटला. ऐंशी, नव्वद, एक लाख. दर बोलीला वाटत होतं, ओरडावं, बास करा, माझं आहे ते! मी पदर तोंडाशी धरून बसले. एक लाख पंचेचाळीस हजारांना सौमित्रच्या नावावर हातोडी पडली. टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या.

उठून बेट्टीकडे गेले. वाटलं, बाई खूश असेल. म्हटलं, "झाला ना तुझा जिना?"

बेट्टीचा चेहरा लालबुंद. "काय गो नलू, तुला अक्कल आहे का?"

इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती.

"चाळीस मी लिहायला लावले," ती म्हणाली. "अवधूत दीड लाख लिही म्हणत होता. मी म्हटलं, नको. नलूच्या आड कुणी जात नाही. फुकट दिलं तर ती तोंडावर फेकेल, ॲलॉयच्या फेकलं तसं. विकत दिलं तर घेईल. तुझ्या खिशात काय आहे ते मला माहीत नाही काय? म्हणून चाळीस. जाताना ॲलॉयने मला एक काम सांगितलं होतं गो. एकच. नलूचं पाकीट नलूकडे पोचव."

"आणि जिना?"

"बाकीच्या आल्बमांत झाला असता अर्धामुर्धा. नाहीतर बसले असते वरच. मरत नव्हते मी जिन्यावाचून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तू आली असतीस लिलावाला?"

नसते आले. तिला माहीत होतं ते. मी तिच्या भल्यासाठी अख्ख्या मंडळाला धारेवर धरत होते आणि ती बाई महिनाभर माझ्यासाठी लपूनछपून खटपट करत होती. दोघींनी मिळून ते पाकीट घालवलं एकदाचं.

एवढ्यात सौमित्र ते पाकीट घेऊन आला. "ताई, हे तुम्हीच..."

"गप रे!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. तरी मी ते हातात घेतलं. एकदा. नारिंगी फ्रँकलिन कडेला जरा करपला होता. ॲलॉय म्हणायचा, मुंबईची हवा बाधते त्याला. "उन्हात ठेवू नकोस," मी सौमित्रला म्हणाले, "आणि नाताळात मला बघायला बोलाव." त्याने मान हलवली आणि गेला.

बेट्टी बाकावर बसून होती. राग उतरला होता आणि ती एकदम म्हातारी दिसायला लागली. "आता ॲलॉयला काय सांगू मी?" ती म्हणाली. "एक काम सांगितलं होतं त्याने."

त्या एका वाक्याने माझं सगळं अवसान गेलं. सिमेटरीत जे आलं नाही ते तिथे आलं, परळच्या शाळेच्या बाकावर, चारचौघांत, हुंदके देऊन. बेट्टीने माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. "सांग त्याला, नलूने घाण केली," मी म्हणाले. "त्याला पटेल."

"पटेल," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. "म्हणेल, माहीत होतं मला."

आमच्या आवाजाने हॉल थांबला होता. अवधूत तेरा नंबर हातात धरून उभा, आणि तीस-पस्तीस माना मागे वळलेल्या. मी नाक पुसलं.

"काय बघताय?" मी ओरडले. "बोला की पुढे!"