वाजलं म्हणजे बसलं

तोंडासाठी ठेवलेलं एक भोक. त्या भोकातून दिसणाऱ्या कुणाच्या तरी चपला.

अर्धी मिटलेली पापणी.

छताचा पांढरा रंग.

“आई गं!” आणि पाठोपाठ, “वा!”

खट्ट.

मित्रांनो, या तुकड्यांची मोळी बांधली की मी होतो. मी पाठदुखीवाल्यांचा जुना बाक. मणके दाबून, वळवून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरच्या खोलीत माझं अख्खं आयुष्य गेलं. माझ्या अंगाचे तीन भाग आहेत: मानेचा, पाठीचा, कंबरेचा. कळ दाबली की हवा तो भाग बोटभर वर उचलता येतो. मग माणसाच्या पाठीवर झटक्यात दाब दिला, की तो भाग खाली आदळतो आणि वाजतो. तो खट्ट माझा! माझ्या लोखंडाचा, माझ्या स्प्रिंगचा. बाहेर वाट पाहत बसलेल्या कित्येकांना तो ऐकूनच निम्मं बरं वाटे. गर्वाने सांगत नाही... नाही, गर्वानेच सांगतो.

माझे पहिले मालक म्हणजे थोरले डॉक्टर. मी वाजलो की हात झटकून ते म्हणत, “वाजलं म्हणजे बसलं!” पालथा पडलेला माणूस समजे, आपलं निसटलेलं हाडच जागेवर बसलं. मी कशाला बोलतोय? फुकटचं कौतुक कुणाला कडू लागतं?

तेव्हा माझ्यावर कोण कोण झोपलं! कंबर धरलेले होतेच. पण दमेकरी, अपचनवाले, झोप न येणारे, सगळे आले. थोरले कुणालाही नाही म्हणत नसत.

पुढे त्यांची लेक हेच शिकून कामाला आली. पेशंट तिला ताई म्हणू लागले. बापलेकीची जुंपली ती माझ्या डोक्यावरच.

“बाबा, दम्याला मणका काय करणार?”

“लोकांना बरं वाटतं ना?”

“कंबरदुखीत वाटतं, तेही सगळ्यांना नाही. नियमाने व्यायाम केला तरी साधारण तेवढंच वाटतं. बाकीच्यांना आपण नुसता आवाज देतोय.”

“मग बदल पाटी आणि बस माश्या मारत!”

तिने खरंच पाटी बदलली. दमेकऱ्यांना छातीच्या डॉक्टरांकडे धाडलं. वर प्रत्येकाला सांगत सुटली, “हाड निसटलंच नव्हतं, तर बसेल कसं? खट्ट होतं ते या बाकाचं. आणि बोटं मोडल्यासारखा बारीक आवाज येतो ना, तो सांध्यातल्या बुडबुड्याचा.” मला फार लागलं ते. ज्या घराला इतकी वर्षं वाजून दाखवलं, त्याच घरात माझी झाकली मूठ उघडी पडली.

आता छतवाल्यांची गोष्ट. हे एक रंगारी. उंच घरांची छतं रंगवण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून ते नाव पडलं. त्यांची कंबर माझ्यावर सैल होई. ताईने सांगितलेले व्यायामही ते कुरकुरत का होईना, करत. एका सकाळी ते मान धरून आले आणि धपकन माझ्यावर बसले.

“ताई, आज कंबर नाही, मान! इकडे उजवीकडे ठणकतंय. असलं दुखणं बापजन्मात पाहिलं नाही. डोकंही गरगरतंय. वाजवा एकदा आणि सोडवा.”

“पडलात का शिडीवरून?”

“छे! एका छताची नक्षी रंगवतोय. मान वर ती वरच.”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून थोरले म्हणाले, “अगं, घे ना! एका झटक्यात मोकळे होतील.”

ताईने माझा मानेचा भाग वर उचलला. माझी स्प्रिंग ताठ झाली. कधी एकदा वाजतो असं झालं मला. छतवाले आडवे व्हायला वळले, तेवढ्यात ताईने त्यांची हनुवटी हलकेच धरली.

“काका, डोळे नीट उघडा.”

“उघडेच आहेत की!”

उजवी पापणी अर्धी खाली आली होती.

ताईने कळ धरली आणि माझा उचललेला भाग हळूहळू खाली आणला. मी वाजलो नाही. कापूस ठेवावा तसा टेकलो.

“मानेला मी हात लावणार नाही. मोठ्या इस्पितळात जायचं. आत्ता.”

“घ्या! मग हा बाक काय शोभेला ठेवलाय?”

“आज शोभेलाच.”

छतवाले भडकले. थोरलेही काही बोलणार होते. पण ते जवळ आले, त्या पापणीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. “चला, गाडी मी काढतो.”

नंतर कळलं, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या एका नळीचं आतलं अस्तर फाटलं होतं; पापणी उतरली ती त्यामुळेच. तशा मानेला झटका बसता तर काय झालं असतं, ते नक्की कुणीच सांगितलं नाही. असं क्वचितच घडतं म्हणे. पण ज्याच्या मानेत ते घडतं, त्याची मान एकच असते.

छतवाले बरे झाले. बऱ्याच दिवसांनी आले, ते ब्रश आणि डबा घेऊन. माझ्या गंजलेल्या पायांशी फतकल मारून बसले.

“काका, हे काय?”

“मला वर बघायला बंदी आहे, ताई. म्हटलं, खाली बघून रंगवू!”

मित्रांनो, तेव्हापासून माझे पाय छतासारखे पांढरेशुभ्र आहेत. येणाराजाणारा विचारतो आणि मी फुगतो. आयुष्यभर इतका वाजलो, पण माझा मान वाढला तो न वाजल्याने. तुम्ही मोठे व्हाल, कधी पाठ धरेल. तेव्हा आवाजावर भाळू नका. जो आधी नीट विचारतो, तपासतो आणि वेळेला “नाही” म्हणतो, त्याच्याच हाती मान द्या. आपसांत गंमत म्हणून तर कुणाची मान मोडूच नका. आणि माझ्यासारखा जुना बाक कुठे दिसला, तर त्याच्या स्प्रिंगला तेलाचा थेंब द्या.

कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं, तेव्हा माझ्यावर वाळूचं पोतं होतं. त्याला ना हाड, ना मणका; तरी मी अस्साच खट्ट वाजलो.