डुगडुगीची खोली

मी एक जुनी लाकडी खुर्ची, मित्रांनो, आणि अख्ख्या सरकारी दवाखान्यात 'डुगडुगी' म्हणून प्रसिद्ध! मला घडवलं तेव्हा दवाखान्याच्या सुतारकाकांनी पाठ थोपटून म्हटलं होतं, "ही सगळ्यांना पुरून उरेल."

आधी मी मोठ्या साहेबांच्या कचेरीत ऐटीत मिरवले. मग तिथे गोल फिरणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी. धूळ खाणं म्हणजे काय, ते मला विचारा!

तिथून मला डॉक्टरताईंनी उचललं. मनावरचा ताण अंगात उतरून दुखायला लागतो ना, त्या दुखण्याची त्यांची खोली. यंत्र एकही नाही. दोन खुर्च्या आणि नीट लागणारं दार, बस्स. पण त्या खोलीत पाऊल ठेवलं आणि मी डुगडुगायला लागले.

एकदा सुतारकाका लेकीला घेऊन आले. ती पोट धरून माझ्यावर बसली.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, ताई," काका वैतागले. "शाळा बुडवायची नाटकं, दुसरं काय!"

"दुखतंय म्हणजे दुखतंय, बाबा!" ती उसळली, आणि मी डुगडुगले.

काकांना राहवेना. लेकीला उठवून त्यांनी मला उलटं केलं, चारी पाय मापले. "पाय सारखे, सांधे घट्ट. खुर्चीत काही खोट नाही."

"मग ती नाटकं करतेय का?" डॉक्टरताईंनी विचारलं.

"छे! इथली फरशी खचलीये, म्हणून..." काका बोलता बोलता थांबले.

ताई लेकीकडे वळल्या. "तुझ्या घरची फरशी कशी आहे गं?"

"आई-बाबा एकमेकांशी बोलतच नाहीत. सगळे निरोप माझ्याकडून. टोमण्यांसकट!"

काकांची मान खाली गेली.

दुखणं काही एका भेटीत पळालं नाही. ती येत राहिली. एक दिवस हसत म्हणाली, "आता आई-बाबा भांडतात, पण स्वतःच!"

आणि अशातच वरून हुकूम आला. ज्या खोलीत यंत्र नाही, ती सामानाला द्या. दारावरची पाटी काढायला कोण आलं? सुतारकाकाच! खोली गेली तर त्या पोरीने जायचं कुठे?

थोड्या वेळाने साहेब आले. "काढली का पाटी?"

"ढिली होती, साहेब. घट्ट केली."

"अहो, मग वर काय सांगू मी?"

"सांगा, माझी पोरगी इथे बरी होतेय. काढायचीच असेल, तर दुसरा सुतार शोधा."

साहेब मटकन माझ्यावर बसले. मी डुगडुगले. "हिला काय झालंय?"

"बसा नीट," काका म्हणाले. "सांगतो."

मित्रांनो, हुकूम अजून मागे घेतलेला नाही, आणि फरशीचं कामही मंजूर व्हायचंय. मी डुगडुगतेच आहे, पण इथून हलणार नाही! तुम्हीही हलू नका. कुणी "दुखतंय" म्हणालं, तर आधी त्याला बसायला द्या. मग त्याच्या पायाखालची फरशी बघा.